कन्व्हर्टर लावला म्हणजे झालं नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला जुन्या रेकॉर्ड प्लेयरवरचा लेख वाचला, फोटो झकास आहेत, पण त्यात लिहिलंय की प्लेयर अमेरिकेतला असेल तर 220 चे 110 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर लावा की झालं काम, ते वाचून राहवलं नाही. कारण ह्याच समजुतीपायी माझे चार महिने गेलेत.

गेल्या वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारातून (बुधवार-रविवारवाला) गॅरार्डचा एक चेंजर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा प्लेयर) उचलला. कंपनी इंग्लंडची, स्विंडनची, पण हा नग अमेरिकेत विकलेला. दोन हजार सांगितले, तेराशेला दिला. घरी आणून उघडला तर आतल्या ग्रीसचा अक्षरशः चिक्कीचा पाक झालेला, आर्म उचलून परत जागेवर ठेवणारी ती सगळी चक्रं-पट्ट्या हलायलाच तयार नाहीत. दोन रविवार रॉकेल आणि टूथब्रश घेऊन गॅलरीत बसलो, मग शिलाई मशीनचं तेल, तेही थेंबभर, आणि रबरी चाकाला तर तेलाचा हातसुद्धा लावायचा नाही, ते नुसतं स्पिरिटने पुसायचं, नाहीतर घसरतं.

मग कन्व्हर्टर लावून वडिलांची नाट्यगीतांची एलपी ठेवली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, अरे बाईंचं गाणं ना, मग हा बुवा कोण गातोय?

पेटी काढून बघितलं तर काळी चारचं गाणं पांढरी चारच्याही किंचित खालीच. मला वाटलं मोटर थकली, परत उघडली, परत तेल, वायंडिंगवाल्याकडे नेली, तो म्हणाला मोटर ठणठणीत आहे. आणि होतीच! गोष्ट अशी की ह्या मोटरची गती व्होल्टवर नाही, विजेच्या सायकलवर, म्हणजे हर्ट्झवर (वीज सेकंदाला किती हेलकावे घेते त्यावर) ठरते. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आपल्याकडे 50 ची, आणि साधा कन्व्हर्टर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तसेच राहतात. म्हणजे 33 ची रेकॉर्ड मिनिटाला जेमतेम 28 फेऱ्या मारणार, कितीही तेल घाला.

उपाय पुलीत आहे. मोटरच्या दांड्यावर बोटाच्या पेराएवढी पितळी पुली असते, प्रत्येक स्पीडला तिची एकेक पायरी, तिला टेकून रबरी चाक फिरतं आणि ते चाक थाळीला फिरवतं. 50 हर्ट्झला ही प्रत्येक पायरी सव्वा नाही पण 1.2 पट जाड लागते. धायरीतल्या एका लेथवाल्याने करून दिली, पहिली किंचित वाकडी फिरत होती तर सूर लाटेसारखा वरखाली, दुसरी जमली. त्याने पैसे एकीचेच घेतले.

स्पीड तपासायला रेघांची चकती मिळते ना (स्पीड बरोबर असेल तर विजेबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली रेघा थांबलेल्या दिसतात), तिच्यातही हाच घोळ, 33 साठी अमेरिकन चकतीवर 216 रेघा आणि आपल्या विजेला 180 लागतात. शिवाय घरात सगळीकडे एलईडी, त्याखाली रेघा थांबलेल्या दिसेचनात, शेवटी प्लेयर उचलून जिन्यातल्या जुन्या चोकवाल्या ट्यूबखाली नेला, शेजारच्यांनी विचारलं काय पूजा आहे का.

आणि लेखातल्या फोटोत जो 78 चा तवा (मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी रेकॉर्ड) दाखवलाय, त्याची सुई एलपीच्या सुईच्या तिप्पट तरी जाड असते, हे कृपया लिहा. ती एलपीवर टेकवली तर खाच कायमची खराब होते, माझी एक बाजू गेलीये.

दुरुस्ती छापणार असाल तर एवढंच छापा: मागची पाटी वाचा, नुसतं 60 लिहिलं असेल तर आधी लेथवाला शोधा, कन्व्हर्टर नंतर.

– एक वाचक, सिंहगड रोड, पुणे