‘भांडं’ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उशिराच्या मातृत्वावर लेख आला होता. दात्या स्त्रीचं बीज घेऊन गरोदर राहणाऱ्या बाईसाठी त्यात ‘भांडं’ हा शब्द वापरला आहे. बीज तिचं नाही, म्हणजे ती नऊ महिने नुसती सांभाळणारी, असा त्या परिच्छेदाचा रोख. मी ४६ वर्षांची आहे, मिरजेत राहते, माध्यमिक शाळेत २१ वर्षं विज्ञान शिकवते. मला तिसावा आठवडा चालू आहे. पोटात जुळं आहे, डोनर एगचं. तो परिच्छेद मी तीनदा वाचला, मग यजमानांना वाचून दाखवला. ते म्हणाले, लिही.

आमच्याकडे तंबोरे होतात. सासऱ्यांच्या वेळेपासून घराच्या मागच्या सोप्यात कारखाना आहे. डोनरचं सासूबाईंना सांगायचं ठरवलं तेव्हा माझे हात गार पडले होते. क्लिनिकमधल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं की घरात कुणाला कळू देऊ नका, सासूला तर नाहीच. आम्ही ऐकलं नाही. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. तिन्हीसांजेला दिवा लावून आल्या आणि म्हणाल्या, “भोपळा मंगळवेढ्याकडनं येतो म्हणून आपल्या तंबोऱ्याला कुणी मंगळवेढ्याचा म्हणतं का?” त्या दिवसापुरतं मला तेवढं पुरलं. पण शिक्षिकेचा स्वभाव. मी या दोघांना नेमकं काय देते आहे, हे शोधायला बसले.

आधी लेखातली एक चूक. त्यात सरोगसी आणि बीजदान एकच करून टाकलं आहे. सरोगसीत मूल दुसरीच्या पोटात वाढतं. इथे ते माझ्याच पोटात वाढतं आहे. दोन्हींचे कायदे २०२१ चेच, पण वेगवेगळे. आम्हाला लागू होणाऱ्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार बीज देणारी स्त्री २३ ते ३५ वर्षांची हवी, तिला आयुष्यात एकदाच बीज देता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. घेणाऱ्या बाईचं वय ५० च्या पुढे चालत नाही. जन्मणारं मूल कायद्यानं आमचं. दातीचा त्यावर हक्क नाही आणि जबाबदारीही नाही. ती कोण हे मला माहीत नाही. तिनं कितीतरी दिवस इंजेक्शनं टोचून घेतली, भूल घेतली, एवढं मात्र माहीत आहे. या मुलांचं नाक, उंची, रक्तगट, कदाचित गळाही तिच्याकडून आणि यजमानांकडून येईल. मला ते नाकारायचं नाही. वयाच्या ४१ ते ४३ या वर्षांत माझ्या स्वतःच्या बीजावर तीन वेळा उपचार झाले, तिन्ही वेळा हाती काही लागलं नाही. तिच्यामुळे आज पोटात दोन ठोके आहेत. ‘भांडं’ या शब्दानं माझ्याइतकाच तिचाही अपमान होतो, कारण मग ती नुसता कच्चा माल ठरते.

आता मी काय देते ते. सहा वर्षांची असताना मला गोवर आला होता. आईनं अंगणात कडुनिंबाचा पाला आणून ठेवलेला मला अजून आठवतो. त्या गोवराशी लढताना तयार झालेली प्रतिपिंडं माझ्या रक्तात आहेत. शेवटच्या तीन महिन्यांत ती वारेतून बाळांकडे जातात आणि जन्मानंतरचे काही महिने त्यांचं रक्षण करतात. गोवराची लस नवव्या महिन्यात देण्यामागे हेही एक कारण आहे, तोवर आईकडून आलेलं हे कवच ओसरत जातं. बीज कुणाचंही असो, ही शिदोरी जिच्या पोटात मूल वाढतं तिचीच असते. चाळीस वर्षांपूर्वी मला आलेला ताप या दोघांच्या कामी येणार, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरं, कान. साधारण २४-२५ आठवड्यांपासून गर्भाला ऐकू येऊ लागतं. पोटातल्या पाण्यातून वरचे, तीव्र आवाज गाळले जातात, खालचे पोचतात. आईचा आवाज मात्र हवेतून जातो तसा तिच्या अंगातूनही जातो. १९८० मध्ये अमेरिकेतल्या डिकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं तोंडात दिलेली चोखणी चोखण्याची लय बदलून परक्या बाईऐवजी आईचा आवाज निवडतात. २००९ मध्ये दोन देशांतल्या नवजात बाळांचं रडणं तपासलं गेलं. फ्रेंच बाळांचा सूर चढत जाई, जर्मन बाळांचा उतरत येई, जसा त्यांच्या भाषेचा हेल तसा. मिरजेतली बाळं कोणत्या हेलात रडतात हे कुणी तपासलं तर मला फार आवडेल. यजमान सोप्यात जवारी काढायला, म्हणजे तारेचा झंकार खुलवायला, बसतात तेव्हा तारेखालच्या घोडीवर दोरा सरकवत खर्जाची तार शंभरदा छेडतात. त्या वेळी ‘खालचं’ हलतं, ‘वरचं’ हलत नाही. सोनोग्राफीच्या कागदावर त्यांची नावं ट्विन ए आणि ट्विन बी आहेत. खालचं-वरचं ही सासूबाईंची नावं. मी वेळ बघून वहीत लिहून ठेवते. त्यातून काही सिद्ध होत नाही, पण ही वही मी जपणार आहे.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, अन्न. त्यासाठी परदेशात जायची गरज नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बाया आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आले आहेत. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची. हातापायांनी बारीक, पण अंगातली चरबी टिकून. ज्या बाया गरोदरपणात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा खात त्यांची बाळं आकारानं मोठी होती. दोन तृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. आणि ज्यांचं बी-१२ कमी पण फोलेट हे दुसरं ब-जीवनसत्त्व भरपूर, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण सर्वाधिक दिसली. म्हणजे मधुमेहाच्या वाटेचं एक वळण आईच्या पोटातच लागतं. जनुकं हा मजकूर मानला, तर त्यातलं काय मोठ्यानं वाचायचं आणि काय मनात, हे ठरण्यात गर्भाशयातल्या दिवसांचाही हात असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली तेव्हा जे गर्भावस्थेच्या सुरुवातीला होते, त्यांच्या डीएनएवरच्या खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या सापडल्या. माझंही बी-१२ कमी निघालं. पिढ्यान्‌पिढ्यांचं शाकाहारी घर, त्यात शाळेच्या धावपळीत चहावर काढलेली दुपार. आता इंजेक्शनं चालू आहेत.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग आमचे गर्भसंस्कार वेगळं काय सांगतात? सांगते. सातव्या महिन्यात मी एका वर्गाला गेले. श्लोक छान होते, श्वासाचे व्यायामही. मग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या की आईच्या मनात येतं ते बाळात उतरतं, दुःखी आईचं मूल दुःखी निपजतं. माझ्या शेजारी २४-२५ वर्षांची एक मुलगी बसली होती. तिचे वडील महिन्यापूर्वी गेले होते. ती हळूच मला म्हणाली, “काकू, मी रोज रडते. आता काय करू?” मी तिचा हात धरून बाहेर आले आणि परत त्या वर्गाला गेले नाही. महिनोन् महिने चालणारा छळ, उपासमार, मारहाण, यांचे परिणाम गर्भावर होतात हे खरं आहे. ते थांबवणं घराचं काम आहे. बापासाठी आलेल्या रडण्याची भीती पोरीला घालणं हा संस्कार नव्हे. अभिमन्यूला चक्रव्यूहातून बाहेर पडता आलं नाही याचा दोष आपण सुभद्रेच्या झोपेला देत आलो. जुळं पोटात घेऊन दुपारी दोनला तास घेताना मला सुभद्रेची फार आठवण येते. तिला झोपेची गरज होती, म्हणून ती झोपली.

जोखमीबद्दलही लिहायला हवं, नाहीतर माझं पत्र अर्धवट राहील. नेहमीच्या गरोदरपणात गर्भ निम्मा आईच्या जनुकांचा असतो. डोनर एगमध्ये तो आईच्या शरीराला जवळजवळ पूर्ण परका. त्यामुळे रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त, जुळ्यानं आणि वयानं तो आणखी वाढतो. मला बाराव्या आठवड्यापासून रोज रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी आहे. तरीही अठ्ठाविसाव्या आठवड्यात एका संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. दाब १५० वर ९६. दोन रात्री दवाखान्यात काढल्या, बाळांची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून चोवीस तासांच्या अंतरानं दोन इंजेक्शनं दिली. यजमान खुर्चीवर बसून होते, सासूबाई घरी देवापाशी. २०१९ मध्ये गुंटूरला ७४ वर्षांच्या बाईंना याच मार्गानं जुळ्या मुली झाल्या, तेव्हा ती बातमी कौतुकानं फिरली. मला ती वाचून अंगावर काटा येतो. माझं वय बघून कुणा तरुण मुलीनं ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असं समजू नये. गरोदरपणात डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक सुजलेले हात-चेहरा, वरच्या पोटात दुखणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघू नये. हे चार शब्द आपल्या पुरवणीत चौकटीत छापाल का?

नाव न छापण्याची विनंती आहे. मला कसलीही लाज वाटत नाही. डोनरची गोष्ट आम्ही मुलांना कळत्या वयाच्या आधीच सांगणार आहोत. पण ती त्यांची गोष्ट आहे, गावाला सांगायची की नाही हे त्यांनी ठरवावं. सोनोग्राफीच्या कागदांच्या फायलीत मी पुरवणीतलं ते कात्रण लावलं आहे. हे पत्र छापलंत तर तेही त्याच्या शेजारी लावीन. पुढे कधी फाईल उघडलीच तर दोन्ही एकदम त्यांच्या हाती पडतील.

आपली,
एक वाचक, मिरज