साचा आणि सांधे

पुणे,
आश्विन शुद्ध द्वादशी

प्रिय सुमे,

तुझ्या पत्राला महिना होऊन गेला. उत्तर राहिलं, कारण सध्या माझ्या हातात पेन कमी आणि कात्रीच जास्त असते. हसू नकोस, सगळं सांगते.

पितृपक्षात नणंदेबरोबर मथुरा-वृंदावनला गेले होते. 'या दिवसांत कुठे निघालीस?' असं सासूबाई म्हणाल्याच. पण सांझी, म्हणजे तिकडची साच्याने काढलेली रांगोळी, बघायची तर तेव्हाच. आपला भाद्रपद वद्य तिकडे आश्विन असतो, त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो ना. देवळात मातीच्या अष्टकोनी ओट्यावर कागदाचा कापलेला साचा ठेवतात आणि वरून रंगाची पूड चाळतात. रंग बदलला की साचाही बदलायचा, पण बसवायचा बरोबर त्याच जागी. शेवटचा साचा अलगद उचलला तेव्हा खाली कदंब, गाई आणि कृष्ण! मी तोंडावर हात ठेवून उभी. आणि दुसऱ्या दिवशी हे सगळं पुसून टाकतात गं.

मथुरेत एका कारागिराला साचा कापताना तासभर पाहिलं. कात्री इवलीशी, टोकाला घासून बारीक केलेली. ती जागची हलत नव्हती, डाव्या हातातला कागद फिरत होता. मला वाटत होतं, सगळं कौशल्य कापण्यात. त्यांनी दाखवलं ते न कापलेलं! मोराच्या पिसातला प्रत्येक डोळा एखाद्या काडीएवढ्या पट्टीने बाजूच्या कागदाला धरलेला असतो. ती पट्टी सुटली की डोळा गळून पडतो आणि उरतं नुसतं भोक.

घरी येऊन मीही मोर काढला. दोन संध्याकाळी घालवल्या. शेवटी मानेच्या खालचा सांधा कापला गेला आणि मोराचं डोकं पोह्यांच्या बशीत. ह्यांनी ते चिमटीत धरून विचारलं, 'हे लिंबाबरोबर द्यायचं का?' दिवसभर बोलले नाही मी.

मग शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणला. १९४० सालापासूनची संस्था, आणि इतकी वर्षं तिथून जाते-येते, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. सुती चिंध्यांच्या लगद्याचा तो कागद उजेडात धरला की आतले तंतू दिसतात. गिरणीच्या कागदात ते बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात, म्हणून तो एकीकडून सहज फाटतो. ह्यात ते कसेही, सगळीकडे पसरलेले. बारीक सांधा त्यात तग धरतो. कात्रीला मात्र जड जातो, अंगठ्याला घट्टा पडलाय.

आता खरी गंमत. तुझे बाबा वाड्यात कंदील करायचे, आठवतंय? २४ कामट्या, त्यांचे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा दोऱ्याने बांधायचा. आठ त्रिकोण आपोआप तयार व्हायचे, त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागायची नाही. हे मला तेव्हा जादू वाटायचं, आताही वाटतं. खळीत मोरचूद घातलेली असायची आणि 'बोट तोंडात घालू नका' म्हणून तुझी आई दहादा ओरडायची. आपल्याकडे काम कागदी करंज्यांचं आणि झिरमिळ्यांचं. पतंगी कागदाची घडी घालून एकदा या काठाने, एकदा त्या काठाने काप द्यायचे, मग ओढलं की जाळी. तू नेहमी घाईत आरपार कापायचीस! म्हणजे सांधे तोडायची सवय माझ्या आधी तुझी.

यंदा तसाच कंदील बांधलाय. फक्त मधल्या चार चौकोनांत पतंगी कागदाऐवजी हातकागदाच्या जाळ्या लावल्या, आतून पिवळा कागद. काल रात्री सहज दिवा लावून पाहिला. वरचा-खालचा चौकोन उघडा, त्यामुळे छतावर उजेडाचा एक मोठा चौकोन पडला. पण जाळीची नक्षी भिंतीवर काही उमटली नाही, मागचा कागद उजेड अडवतो. म्हणून एका बाजूचा पिवळा कागद सोलून काढला. तेव्हा कुठे वेलबुट्टी भिंतीवर आली, थोडी पसरट, वाऱ्याने हलणारी. आता बाकीच्या तीन बाजू सोलाव्यात का, यावर घरात दोन तट आहेत. तू असतीस तर माझ्या बाजूला असतीस.

सोबत एक कमळ पाठवते आहे, तुझ्या खिडकीच्या काचेला लाव. पाकिटात घालताना डावीकडच्या दोन पाकळ्यांमधला सांधा तुटला. मैद्याची खळ करून चिकटव, गोंद लावू नकोस, डाग पडतो.

तुझी,
कुमी