मेबाईंची निवडणूक आणि शेजारणीची फाइल

रेडिंग, 2 जुलै 2017

प्रिय बाळ्या,

तुझे लागोपाठ तीन मेसेज आले, आधी "तुमच्या मेबाई पडल्या म्हणे?", मग "पडल्या तर अजून खुर्चीत कशा?", आणि वर नुसताच हात जोडलेला इमोजी. व्हॉट्सॅपवर उत्तर द्यायला बसलो तर अंगठा दुखायला लागला, म्हटलं सरळ पत्रच लिहू. आज रविवार, बाहेर चक्क ऊन पडलंय, हिनं चिंगीला पोहायला नेलंय, दोन तास घर माझं.

तर पहिली गोष्ट, बाई, म्हणजे आमच्या पंतप्रधान थेरेसा मे, पडल्या नाहीत. त्यांचा मेडनहेड मतदारसंघ आमच्या रेडिंगला खेटूनच, ट्रेननं दहा-पंधरा मिनिटं, तिथं त्या दणदणीत निवडून आल्या. पडलं ते बहुमत. एकूण खासदार 650, बहुमताला 326 लागतात, मागच्या निवडणुकीत त्यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे 330 आले होते ते आता 317. आणि ही निवडणूक घ्यायची काडीची गरज नव्हती रे, 2020 पर्यंत मुदत होती! मुदतीआधी निवडणूक नाही असं स्वतःच सांगत होत्या, मग ईस्टरच्या सुट्टीत नवऱ्याबरोबर वेल्सच्या डोंगरात फिरायला गेल्या आणि परत येऊन 18 एप्रिलला दारात उभं राहून जाहीर करून टाकलं की निवडणूक घेतेय. का, तर ब्रेक्झिटच्या, म्हणजे युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या, वाटाघाटींना हात बळकट हवेत. खरं कारण शेंबड्या पोरालाही कळत होतं, पोलमध्ये त्या वीसेक टक्क्यांनी पुढे होत्या.

तुला 1999 आठवतं का? युतीनं विधानसभा सहा महिने आधीच उरकून घेतली, लोकसभेबरोबर होऊन जाऊ दे म्हणून, आणि पवार काँग्रेसमधून फुटून वेगळे झालेले त्यामुळे पानपट्टीवर सगळे हेच म्हणत होते की आता काय, मैदान मोकळं. तू दहा रुपयांची पैज लावलेलीस माझ्याशी (अजून दिलेले नाहीस). आणि निकालानंतर ते दोघे भांडलेले परत एकत्र येऊन बसले की नाही सरकारात? मेबाईंना ही गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे होती. इथं समोरचा पक्ष म्हणजे लेबर, त्यांचा नेता कॉर्बिन, त्याच्या स्वतःच्याच खासदारांनी गेल्या वर्षी त्याच्यावर अविश्वास दाखवलेला, 172 विरुद्ध 40. साध्या सभासदांनी त्याला पुन्हा निवडून दिला म्हणून तो टिकला. दाढीवाला, शाकाहारी, घरी जॅम करणारा माणूस, त्याला पेपरवाल्यांनी दोन वर्षं नुसता धुतलेला. असा पैलवान समोर असताना कुस्ती कोण सोडेल?

प्रचारात बाईंनी एकच टेप लावली, "स्ट्राँग अँड स्टेबल". कांद्याचा भाव विचारा, स्ट्राँग अँड स्टेबल. मग मेच्या मध्यात जाहीरनामा आला आणि त्यात स्वतःच्याच पायावर धोंडा. म्हाताऱ्या माणसाला घरी येऊन बघणारं कुणी लागलं, औषध देणारं, आंघोळ घालणारं, तर त्या खर्चाच्या हिशेबात आता त्याचं राहतं घरही धरणार, शेवटचे एक लाख पौंड सोडून बाकीचं तो गेल्यावर घर विकून वसूल. म्हणजे ज्याला डिमेन्शिया झाला त्याच्या पोरांना घर मिळणार नाही आणि जो हार्ट अटॅकनं पटकन गेला त्याच्या पोरांना मिळणार. लोकांनी नावच ठेवलं, डिमेन्शिया टॅक्स. आणि हे कुणाला सांगताय, तर घरं असलेल्या म्हाताऱ्यांना, जे तुमचे हक्काचे मतदार! चार दिवसात घूमजाव केलं, खर्चाला कमाल मर्यादा घालू म्हणाल्या, आणि वर पत्रकारांना म्हणतात "नथिंग हॅज चेंज्ड". आमच्या ऑफिसात अजून कुणी कोड मोडला की हेच म्हणतात.

मधे मँचेस्टरला गाण्याच्या कार्यक्रमात बॉम्ब फुटला, 22 जण गेले, त्यात लहान पोरंही, आणि मतदानाच्या पाच दिवस आधी लंडन ब्रिजवर आणखी आठ. असं झालं की लोक सरकारच्या मागे जातात असं मला वाटलेलं. पण या बाई सहा वर्षं गृहमंत्री होत्या आणि त्या काळात वीसेक हजार पोलीस कमी झालेले, ते बाहेर निघालं. टीव्हीवरच्या मोठ्या डिबेटला तर स्वतः गेल्याच नाहीत, अंबर रड म्हणून मंत्री आहे तिला पाठवलं, आणि तिचे वडील दोनच दिवसांपूर्वी वारलेले. ते बघून आमची ही म्हणाली, "ही बाई मला नको." ती इथल्या राजकारणावर बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

आता तू विचारशील, तुमच्या हो-नाहीला काय किंमत. तर लेका, आम्हाला मत आहे! भारतीय पासपोर्टवर. आपण कॉमनवेल्थवाले ना, इथं रीतसर राहत असलो की पार्लमेंटला मत देता येतं. सांगलीच्या यादीतून माझं नाव कधीच उडालंय आणि इथं पोलकार्ड घरपोच येतं, नियतीचा विनोद बघ. तेही बरोबर न्यायची सक्ती नाही. आमचं केंद्र चर्चच्या हॉलमध्ये, आत दोन आजीबाई, नाव-पत्ता सांगितला की यादीवर पट्टी ठेवून रेघ मारतात, आधार नाही, फोटो नाही, काही नाही. प्लायवूडचा आडोसा, त्यात सुतळीला बांधलेली बोटभर पेन्सिल, त्या पेन्सिलनं फुली मारायची, घडी घालून काळ्या डब्यात टाकायची. शाई नाही. बाहेर आल्यावर मी सवयीनं बोट बघितलं आणि उगाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. ही आणि मी दोघं मतदानाला गेलो तेव्हा चिंगीला कुणाकडे ठेवलं? शेजारणीकडे. पोलंडची आहे, 2006 पासून इथं, हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा गवंडीकाम करतो, दोन्ही पोरं इथं जन्मलेली. तिला मत नाही. युरोपियन नागरिकांना इथं म्युनिसिपालिटीला मत आहे, पार्लमेंटला नाही आणि गेल्या वर्षीच्या ब्रेक्झिटच्या रेफरेंडमलाही नव्हतं. म्हणजे ती इथं राहणार की नाही हा ज्या भांडणाचा गाभा, त्या भांडणात मी फुली मारून आलो आणि ती माझ्या पोरीला टोस्ट खाऊ घालत बसली. परत आल्यावर तिनं विचारलं "झालं?" मी म्हटलं "झालं." बस, एवढंच. मला लाज वाटली रे.

रात्री दहाला मतदान संपतं आणि त्याच ठोक्याला टीव्हीवर एक्झिट पोल येतो. मी भांडी घासत होतो. आकडा आला, कॉन्झर्व्हेटिव्ह 314, लेबर 266. मी तसाच साबणाच्या हातानं हॉलमध्ये. आठवडाभर आधी एका पोलवाल्यानं त्रिशंकूचं भाकीत केलेलं तेव्हा त्याची टर उडवलेली सगळ्यांनी. मग पहाटे चारपर्यंत जागलो. इथं मोजणी हातानं चालते, तिकडे उत्तरेला न्यूकॅसल आणि संडरलँडची दरवेळी शर्यत, कुणाचा निकाल आधी, पोरं मतपेट्या घेऊन अक्षरशः पळतात, यंदा न्यूकॅसल जिंकलं. कँटरबरी, जे शंभर वर्षं कॉन्झर्व्हेटिव्हांचं, ते 187 मतांनी लेबरला गेलं. आमचं रेडिंग ईस्टही पलटलं, युनिव्हर्सिटीची पोरं रांगा लावून आलेली, कॉर्बिननं फी माफ करतो म्हटलेलं ना, वर्षाला 9,250 पौंड. स्कॉटलंडात एक जागा दोन मतांनी लागली, दोन! आणि मेडनहेडच्या स्टेजवर बाईंच्या शेजारी डोक्यावर काळी बादली घातलेला लॉर्ड बकेटहेड नावाचा उमेदवार, 249 मतं, अनामत जप्त. बाईंचा चेहरा उतरलेला, लाल कोट, आणि बाजूला ही बादली. तो फोटो शोधून बघच.

आता यात मेख अशी की बाईंना मतं कमी नाही पडली. 42.4 टक्के, थॅचरबाईंच्या 1983 नंतर इतकी कधीच नव्हती. पण लेबरनं 40 टक्क्याला उडी मारली, कारण मधले सगळे आटले. ब्रेक्झिटवाल्या फराजचा जुना यूकिप पक्ष साडेबारा टक्क्यांवरून दोनच्याही खाली. सगळ्यांना वाटलं ती मतं जशीच्या तशी बाईंच्या पदरात पडणार, ती थोडी इकडे थोडी तिकडे गेली. स्कॉटलंडात उलट बाईंच्या पक्षाचे एकाचे तेरा झाले, ते नसते तर दुकान त्या रात्रीच बंद झालं असतं.

मग सुरू झाला आपल्या ओळखीचा खेळ. अडला हरी. नॉर्दर्न आयर्लंडचा डीयूपी म्हणून पक्ष आहे, कट्टर प्रोटेस्टंट, गर्भपाताला विरोध, समलिंगी लग्नाला विरोध, त्यांचे दहा खासदार. त्यांनी पाठिंबा दिला, मंत्रिपद नको, बाहेरून. इथं त्याला भारदस्त नाव आहे, कॉन्फिडन्स अँड सप्लाय, म्हणजे विश्वासदर्शक ठराव, बजेट आणि ब्रेक्झिटला हात वर करणार, बाकीचं बघू. आपल्याकडे 2014 ला राष्ट्रवादीनं निकालाच्याच दिवशी भाजपला न मागता देऊ केलेला तसा, फरक इतकाच की या लोकांनी घासाघीस करून अडीच आठवडे लावले आणि सोमवारी सही केली तेव्हा एक अब्ज पौंड पदरात पाडून घेतले, रुपयात आठ हजार कोटींच्या वर. खासदारामागे दहा कोटी पौंड. आणि याच बाईंनी प्रचारात टीव्हीवर एका नर्सला तोंडावर सांगितलेलं की पगार वाढवायला पैशाचं जादूचं झाड नाहीये. बुधवारी सरकारी नोकरांची एक टक्क्याची पगारमर्यादा उठवा म्हणून लेबरनं ठराव आणला, 323 विरुद्ध 309 नं पडला. ते दहा सरकारच्याच बाजूला.

पैसा गेला तर गेला म्हणू. पण आयर्लंडचं प्रकरण नाजूक आहे रे. 1998 चा शांतता करार उभाच यावर आहे की लंडनच्या सरकारनं तिथल्या दोन्ही बाजूंत, ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे आणि आयर्लंडला जोडा म्हणणारे, पंच म्हणून राहायचं. आता पंचच एका टीमच्या खिशात. त्यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान जॉन मेजर बोलले जाहीरपणे, कोण ऐकतंय. तिथली असेंब्ली जानेवारीपासून बंद पडलीय. आणि ब्रेक्झिटनंतर युरोप आणि ब्रिटनमधली जमिनीवरची हद्द तिथंच येणार, पाचशे किलोमीटर, शेतातून, लोकांच्या परसातून जाणारी. नॉर्दर्न आयर्लंडनं 56 टक्के रिमेनला, म्हणजे युरोपात राहायला, मत दिलेलं, डीयूपी लीव्हवाला, म्हणजे बाहेर पडा म्हणणारा. दुसऱ्या बाजूच्या, आयर्लंडला जोडा म्हणणाऱ्या शिन फेन पक्षाचे सात निवडून आले, पण राणीची शपथ घ्यायची नाही म्हणून ते कधी सभागृहात बसतच नाहीत. म्हणजे तिथला आवाज म्हणून इथल्या पार्लमेंटला ऐकू येणार ते हे दहाच, आणि एक अपक्ष बाई.

कॉर्बिन जिंकल्यासारखा फिरतोय, ग्लास्टनबरीच्या गाण्याच्या जत्रेत पोरं त्याच्या नावानं गाणं म्हणत होती. त्याला ब्रेक्झिटचं काय करायचंय ते विचारलं की तोही पुटपुटतो. त्याच्याही जाहीरनाम्यात होतं की रेफरेंडमचा निकाल मान्य. गुरुवारी त्याच्याच पन्नासेक खासदारांनी सिंगल मार्केटमध्ये, म्हणजे युरोपच्या सामाईक बाजारात, राहू या म्हणून पक्षाचा आदेश मोडून मत दिलं, तर तिघांना त्यानं पदावरून काढलं. आमच्या रेडिंगच्या पोरांनी ब्रेक्झिट थांबवायला म्हणून ज्याला मत दिलं तो हा. दोन महिने निवडणूक झाली ती ब्रेक्झिटच्या नावानं, आणि ब्रेक्झिट म्हणजे नक्की काय करणार हे दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही. "ब्रेक्झिट मीन्स ब्रेक्झिट." आमची आज्जी म्हणायची तसं, भात कसला तर भाताचा.

आणि घड्याळ चालूच आहे. मार्चमध्ये युरोप सोडायची नोटीस देऊन झालीय, 29 मार्च 2019 ला दोन वर्षं संपतात, त्यातले दोन महिने या खेळात घालवले. बाईंचे दोन्ही सल्लागार निकालानंतर दोन दिवसात गेले. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीला आग लागली तेव्हा बाई फक्त फायर ब्रिगेडला भेटून आल्या, घरं गेलेल्यांना नाही, आणि दुसऱ्या दिवशी नव्वदीतली राणी जाऊन लोकांना भेटली, तेव्हा तर उरलंसुरलं गेलं. (ती केन्सिंग्टनची जागा, लंडनमधली सगळ्यात श्रीमंत, लेबरनं वीस मतांनी घेतलेली, त्याच मतदारसंघात पाच दिवसांत ही आग.) पण हाकलत कुणी नाही, कारण हाकललं तर पुन्हा निवडणूक आणि आता त्यांना कॉर्बिनची भीती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच, खुर्चीत बसल्यात कारण बाजूला कुणी सरकवत नाहीये.

सोमवारी डीयूपीची सही झाली त्याच दिवशी सरकारनं युरोपियन लोकांसाठी कागद काढला. पाच वर्षं राहिलेल्यांना सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथं कायम राहायचा हक्क, मिळेल, पण सगळ्यांनी नव्यानं अर्ज करायचा, कायम रहिवासाचं कार्ड ज्यांनी आधीच काढलंय त्यांनीसुद्धा. आता ऐक, काल शेजारीण फाइल घेऊन आली. म्हणाली, "तुम्ही लोक हे सगळं करून बसलायत, मला सांगा कसं करतात." आपण! व्हिसाच्या रांगेत अर्धं तारुण्य गेलेले आपण आता युरोपला शिकवणार. तिनं कायम रहिवासाचा तो 85 पानांचा फॉर्म छापून आणलेला, त्याला पंचही मारलेला. मी म्हटलं हा ठेव बाजूला, आता कागद जमव, पगाराच्या स्लिपा, कौन्सिल टॅक्स, आणि देशाबाहेर गेलीस त्या प्रत्येक वेळची तारीख, जायची आणि यायची. ती म्हणाली प्रत्येक? मी म्हटलं प्रत्येक, माझ्या वेळी मला बाबांच्या वर्षश्राद्धाचं तिकीट शोधायला लागलेलं. मग पोरीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला बसली. ख्रिसमस, आईचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न, बारसं. दोन कप चहा झाला. मधेच पेन थांबवून म्हणाली, अकरा वर्षांनी विचारतायत सेटल झालीस का. मी काय बोलणार, बिस्किटं पुढे केली. 2009 पर्यंत आलोय, बाकीचं पुढच्या शनिवारी.

पौंड पण आपटलाय, रेफरेंडमच्या आधी शंभराच्या आसपास होता तो आता 84, तेव्हा आईच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबचं दिवाळीनंतर बघू असं मिस्त्रीला सांग. आणि भडंग पाठवलास तर या वेळी लसूण जास्त, मागच्या वेळी कमी होता. वहिनींना नमस्कार. दहा रुपये विसरू नकोस.

तुझा,
मंद्या