शाळेत समुपदेशक द्या, नुसता हेल्पलाइनचा फलक पुरत नाही

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात मी शिकवते. आमच्या बहुतेक मुलांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर टॉवेल-चादरी काढतात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पाठोपाठ विडी कारखाने आणि मागही थांबले. एका खोलीत अख्खं घर कोंडलं गेलं. किराण्याची थकलेली उधारी, कुणी खोकलं की उडणारी गाळण, दवाखान्यात नेलेली आणि परत न आलेली माणसं, हे सगळं या मुलांनी फार जवळून पाहिलंय.

कोरोना सरला, असं आपण म्हणतो. पण २०२०-२१ ला पाचवीत असलेली मुलं २०२५-२६ ला दहावीत पोचली. भाषेचा, गणिताचा पाया भरायच्या वयात त्यांचा बहुतेक काळ शाळेबाहेर गेला, आणि आता त्यांच्यापुढे थेट बोर्डाची परीक्षा. चाचणीच्या दिवशी पोटात दुखणारी, वाचायला उभं केलं की आवाजच न फुटणारी मुलं मला दर वर्गात भेटतात. एका मुलीने कोरी उत्तरपत्रिका दिली. कारण विचारलं तर ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मधल्या सुट्टीत शेजारी जाऊन बसले तेव्हा कुठे म्हणाली, "बाई, पेपर हातात आला की काहीच आठवत नाही." मी तिला टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिला. तर म्हणाली, "फोन कुठून करू? घरात सगळेच असतात."

ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, अनेक भाषांत आहे. मला तिची कदरच आहे. पण तिला हाताशी फोन लागतो आणि मोकळं बोलायला एक कोपरा लागतो. आमच्या मुलांकडे दोन्ही नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असं स्पष्ट सांगितलं. आमच्याकडे अजून कुणी आलेलं नाही. कृपा करून हे काम शिक्षकांच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार म्हणून घालू नका. जी बाई गुण देते, तिच्यापुढे मूल मन मोकळं करत नाही. शिवाय आमचं तसं प्रशिक्षणही नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. शाळेत मराठी बोलणारं मूल घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतं, आणि रडू आलं की घरचीच भाषा तोंडात येते. नेमणुका करताना ती भाषा येणारी माणसं आधी शोधा. आईशीही त्यांनाच बोलायचंय.

पदं मंजूर करा, त्यांच्या पगाराची तरतूद करा, आणि प्रत्येक शाळेत दार लावून बसता येईल अशी एक खोली राखून ठेवायला सांगा. लहान शाळा असतील तर तीन-चार शाळांत मिळून एक माणूस द्या, पण त्याचे वार ठरलेले असू द्या. पुढच्या दहावीच्या परीक्षेआधी हे व्हावं, एवढी विनंती.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, सोलापूर