शिडीवरून पडून जायबंदी झालेल्या बांधकाम कामगारांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

बांधकामावरचा रंगारी, वायरमन, प्लंबर किंवा सुतार दिवसातून कितीदा शिडी चढतो-उतरतो, याची मोजदाद तो स्वतःही ठेवत नाही. अपघात बहुधा अशाच एखाद्या सवयीच्या चढण्यात होतो. भिंतीचा हातभर कोपरा रंगवायचा राहिलेला असतो. त्यासाठी खाली उतरून शिडी सरकवण्याऐवजी तो एका अंगाला झुकून ब्रश लांबवतो, कंबर शिडीच्या उभ्या दांड्याबाहेर जाते आणि शिडी निसटते. ३ मीटरवरून खाली यायला एक सेकंदही लागत नाही, पण आदळताना वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर असतो. पायांवर पडलेल्याच्या टाचेचे हाड फुटते, कधी तोच दणका कमरेच्या मणक्यापर्यंत पोचतो. डोके आपटले तर एवढी उंचीही जिवावर बेतते.

शस्त्रक्रियेच्या वेळी नातेवाईक, सहकारी, कधी ठेकेदारही धावून येतात. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. टाच मोडलेल्याला कित्येक आठवडे पाय टेकता येत नाही, आणि शिडीच्या अरुंद पायरीवर भार पेलण्याइतका पाय तयार व्हायला अनेक महिने जातात (काहींचा तो कधीच होत नाही). रोजंदारीवरच्या घरात तेवढे महिने मजुरी येत नाही. म्हणून पाय पुरता बरा होण्याआधीच माणूस पुन्हा शिडीवर चढतो. हे थांबावे, यासाठीच आमच्या समितीने हा निधी उभारायला घेतला आहे. जमलेल्या रकमेतून प्रथम घरखर्च आणि फिजिओथेरपी भागवली जाईल.

कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची वापरलेली असली तरी आम्हाला हवी आहे. जुनी शिडी मात्र कृपया देऊ नये. रंगाखाली लाकडातली चीर लपते, आणि वाकलेली ॲल्युमिनियमची शिडी ठोकून सरळ केली तरी भरवशाची राहत नाही.

ठेकेदार व मुकादम यांना विनंती, की शिडी ४ मीटरवर टेकत असेल तर तिचा पाया भिंतीपासून १ मीटरवर असावा, विजेच्या तारांजवळ धातूची शिडी नसावी आणि वेळखाऊ कामाला परांचीच बांधावी.

देणगी समितीच्या कार्यालयात पावती घेऊन द्यावी. आपल्या ओळखीत असा कोणी घरी पडून असेल, तर त्याने मागण्याची वाट न पाहता आम्हाला कळवावे.