मुंबईची बदली मी नाकारली

प्रिय आई, बाबा,

बदलीला मी नकार कळवून टाकला, गेल्या सोमवारी. रविवारी आई फोनवर लोणच्याचं सांगत होती, तेव्हाच बोलणार होते, पण जीभच उचलली नाही.

इथं चेन्नईत अजून एकच वर्ष थांबायचंय. पैशासाठी नाही, आणि इथं कुणी अडवलंही नाही. चर्चमध्ये माझा दृढीकरणाचा, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या तयारीचा वर्ग आहे, पंधरा-सोळा वर्षांची अकरा मुलं. मार्चमध्ये त्यातला एक म्हणाला, "अक्का, मला यातलं काहीच खरं वाटत नाही. मी येऊ की नको?" बाबा, मला एकदम आपली ओटी दिसली.

मी दहावीत होते. रोजरीला, संध्याकाळच्या माळेच्या प्रार्थनेला, बसणार नाही म्हणाले, तर आई रडली. (आई, तू रडलीस ते मायेपोटीच, हे आता कळतं.) तुम्ही माळ हातात तशीच धरून येशूच्या शिष्याची, थोमाची गोष्ट सांगितलीत. मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूला बाकीच्या शिष्यांनी पाहिलं होतं, यानं नव्हतं. तरी त्यांनी याला बाहेर काढलं नाही आणि हाही उठून गेला नाही. आठ दिवसांनी प्रभू पुन्हा आला, तेव्हा तो त्यांच्यातच होता. "तूही बस. म्हणू नकोस, नुसती बस." किती महिने मी नुसती बसले, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी त्या पोराला तेच सांगितलं. तो येतो, मागच्या बाकावर बसतो. त्याला आता नव्या माणसाच्या हाती सोपवून निघायला माझं मन धजत नाही.

३ जुलैला सगळ्यांना सांथोमला, थोमाच्या कबरीवरच्या चर्चमध्ये, त्याच्या सणाच्या मिस्सेला (प्रार्थनाविधीला) नेणार आहे. (हो, आजीनं सणाची जुनी तारीख, २१ डिसेंबर, शेवटपर्यंत सोडली नाही, आठवतंय.) चर्चच्या खाली कबरीचं चॅपल आहे, तिथं आधी नुसतं शांत बसायचं. थोमा म्हटलं की लोकांना शंकाच आठवते. पण येशू जिवाचा धोका असूनही मेलेल्या लाजरकडे निघाला, तेव्हा "आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ" म्हणणारा तोच होता. हे ऐकून पोरं गप्प झाली. परंपरेप्रमाणे तो इ.स. ७२ मध्ये इथंच, परंगी मलैच्या टेकडीवर, भाल्यानं मारला गेला. यात्रेकरूंसाठी तिथल्या पायऱ्या अठराव्या शतकात पेट्रस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्यानं स्वखर्चानं बांधल्या. बाबा, तुमच्या गुडघ्याला त्या नकोत. गाडी थेट वर जाते.

माझी काळजी करू नका. खोलीत वारा येतो, खालच्या मावशी मीन कुळंबु, इथलं माशाचं कालवण, देतात. आई, तुझ्या हातच्या कालवणाची सर नाही त्याला, पण भात पोटभर जातो. ताप आला की अजून तुझा हात कपाळावर लागतो.

आता ऐका. बाबा, पाऊस सुरू झाला की बावखलाकडे, वाडीतल्या तळ्याकडे, एकट्यानं जायचं नाही, काठ शेवाळलेला असतो. केळी पडली तर पडू देत. आई, बीपीची गोळी मिस्सेच्या आधी घ्यायची, आल्यावर नाही. आणि न्हाणीघरात तो दांडा बसवून घ्या, पैसे पाठवलेत, ते बँकेत ठेवू नका. धाकटीला मी विचारणार आहे, तेव्हा बसवला म्हणून सांगायचं आणि खरंच बसवायचा.

नाताळात बारा दिवस येते. परतताना तुम्हा दोघांना इकडे घेऊन येईन, जानेवारीत इथं हवा सोसवते. कल्याणहून गाडी धरू, दोन्ही बर्थ खालचेच घेते. त्या पोराला तुम्हाला भेटायचंय, बाबा.

तुमची
मोठी