नुसते ‘यीस्ट’ म्हणून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला बुरशीच्या संसर्गावरचा लेख वाचला. ‘यीस्ट रक्तातही शिरते, पण त्यावर औषधे आहेत’ एवढ्यावर विषय मिटवलाय. अहो, यीस्ट म्हणजे एकपेशी बुरशी, तिचे प्रकार अनेक. कोणते यीस्ट? सगळे तिथेच तर अडते.

दोन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ बेळगावच्या एका इस्पितळात आयसीयूत होता. मधुमेह, पोटाचे ऑपरेशन, मानेत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी. ताप हटेना. ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट आला, त्यावर दोनच शब्द : ‘यीस्ट ग्रोन’, यीस्ट वाढले. कॅस्पोफंगिन हे बुरशीवरचे औषध सुरू झाले. त्या इंजेक्शनांपायी वहिनीने पाटल्या मोडल्या. सहा दिवस ताप जागचा हलला नाही. आम्ही हट्ट धरला तेव्हा नमुना बाहेरगावच्या लॅबला गेला आणि नाव आले, ट्रायकोस्पोरॉन. या यीस्टवर कॅस्पोफंगिन चालतच नाही! मग लाइन काढली, व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचे दुसरे औषध दिले. चौथ्या दिवशी दादाने वहिनीला हाक मारली. दादा वाचला, पण ते सहा दिवस आणि त्या पाटल्या कुणी भरून द्यायच्या?

कँडिडा ऑरिस या कँडिडा गटातल्या यीस्टचेही तेच. 2009 मध्ये जपानमध्ये एका बाईच्या कानातल्या नमुन्यात ते पहिल्यांदा ओळखले गेले. नेहमीच्या तपासणीत ते दुसऱ्याच कँडिडाच्या नावावर खपून जायचे. फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला ते बहुधा दाद देत नाही आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर पसरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये त्याला सर्वांत धोकादायक बुरशींच्या गटात घातले. माल्डी-टॉफ यंत्रावर, वाढलेल्या यीस्टचे नाव काही मिनिटांत कळू शकते. म्हणजे विज्ञान आहे, आमच्या माणसापर्यंत ते वेळेत पोचत नाही.

आणखी एक. रात्री दीड वाजता वहिनीपुढे संमतीपत्र ठेवले, ते अख्खे कन्नडमध्ये. खानापुरात मराठी शाळेत शिकलेली बाई ती. ‘इथे सही करा’ म्हणून बोट दाखवले आणि तिने केली. कशाला संमती दिली, हे तिला आजही सांगता येत नाही. सीमाभागात कितीतरी पेशंट मराठी बोलतात हे डोळ्यांना दिसते, मग मराठी फॉर्म छापायला काय हरकत आहे?

लेखकाला एवढेच सांगा, पुढच्या लेखात बेळगावातून नमुना कुठे पाठवता येतो, किती दिवस लागतात आणि खर्च किती, ते छापा.

आपला,
एक वाचक, खानापूर